‘सी.आय.डी.’ मालिकेची पडद्यामागील जडणघडण आणि प्रत्यक्ष गुन्हे अन्वेषण : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या सव्वा वर्ष आधी, २१ जानेवारी १९९८ रोजी, सोनी वाहिनीवर ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका सुरू झाली होती. म्हणजेच ही मालिका वयाने हिंगोली जिल्ह्यापेक्षा मोठी आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी तिचे पहिले पर्व थांबले तेव्हा १५४७ भाग प्रसारित झाले होते. पुढे २१ डिसेंबर २०२४ पासून तिचे दुसरे पर्व सुरू झाले. जिल्ह्यात जन्मलेली व वाढलेली एक संपूर्ण पिढी ए.सी.पी. प्रद्युम्न, अभिजीत, दया आणि डॉ. साळुंखे यांना ओळखते. पोलीस तपास म्हणजे काय, याविषयीचे तिचे पहिले चित्रही बहुतांशी याच मालिकेने घडविले आहे.

मालिका हे मनोरंजनाचे साधन आहे व त्या दृष्टीनेच तिच्याकडे पाहिले पाहिजे, हे मान्यच आहे. तथापि, जो प्रेक्षक सायंकाळी मालिका पाहतो त्यालाच एखाद्या दिवशी पंच, साक्षीदार, फिर्यादी किंवा मृताचा नातलग म्हणून प्रत्यक्ष तपासास सामोरे जावे लागते. अशा वेळी पडद्यावरील तपासातील कोणता भाग निर्मितीच्या सोयीतून आला आणि कोणता भाग वास्तवाशी जुळतो, हे त्यास ठाऊक असणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात मालिकेची पडद्यामागील जडणघडण आणि प्रत्यक्ष गुन्हे अन्वेषणाची पद्धती यांची सांगड घालून हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

१. वृत्तछायाचित्रणातून जन्मलेली मालिका :

‘सी.आय.डी.’चे जनक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेले कलावंत होत. १९७३ मध्ये ते मुंबई दूरदर्शनवर वृत्तविभागाचे कॅमेरामन म्हणून रुजू झाले. पुढे २०१८ च्या डिसेंबरमध्ये ते त्याच पुण्याच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. बातमीच्या निमित्ताने घटनास्थळी जाणे, गर्दीत उभे राहून मिळेल त्या प्रकाशात चित्रण करणे आणि पोलिसांचे काम जवळून पाहणे हा वृत्तकॅमेरामनच्या कामाचा भाग असतो. मालिकेत कॅमेरा पात्रांच्या मागेपुढे सतत हलता असतो, त्याचे मूळ दिग्दर्शकाच्या या पूर्वायुष्यात शोधता येते.

या मालिकेचे बीज मराठीत पडले, ही बाब मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सिंग यांनी दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका केली होती. पोलीस नियंत्रण कक्षाचा १०० हा दूरध्वनी क्रमांक तिच्या शीर्षकात होता आणि शिवाजी साटम तिच्यात भूमिका करीत होते. दिग्दर्शक आणि नट यांची ही जोडी पुढे ‘सी.आय.डी.’मध्ये कायम राहिली. मराठी वाचक-प्रेक्षकास रहस्यकथेची गोडी त्याआधीच लागलेली होती. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड या नायकांनी कित्येक वर्षे वाचनालये गाजविली होती; दूरदर्शनवर रमेश भाटकर यांच्या ‘हॅलो इन्स्पेक्टर’ने घराघरांत स्थान मिळविले होते. ‘सी.आय.डी.’ हिंदीत बोलत असली तरी तिची मुळे या मातीत होती.

मालिकेचे सहनिर्माते प्रदीप उप्पूर यांचे नाव आणखी एका कलाकृतीशी जोडलेले आहे. मनमोहन शेट्टी यांच्यासमवेत त्यांनी गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटाची निर्मिती केली होती. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली. त्यातील फौजदार अनंत वेलणकर नैतिक कोंडीत सापडतो आणि त्याच्या मारहाणीत कोठडीतील एका आरोपीचा मृत्यू होतो. ‘अर्धसत्य’ आणि ‘सी.आय.डी.’ या दोन्हींच्या निर्मितीत एकच नाव आढळते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२. पात्रांमागील माणसे :

दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेत कथा दर आठवड्यास बदलते. स्थिर राहतात ती पात्रे. त्यामुळे अशा मालिकेचे यश पात्रनिवडीवर अवलंबून असते. ए.सी.पी. प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम हे सेंट्रल बँक ऑफ इंडियामध्ये रोखपाल होते. आंतरबँक नाट्यस्पर्धेत त्यांचा अभिनय पाहून बाळ धुरी यांनी त्यांना ‘संगीत वरद’ या नाटकात संधी दिली. बँक, गिरणी, विमा कार्यालय अशा ठिकाणी नोकरी करीत स्पर्धेतील नाटके करणे आणि तेथून व्यावसायिक रंगभूमीवर येणे, हा मराठी नटांच्या एका पिढीचा सर्वपरिचित मार्ग होता. नोकरदार माणसाची शिस्त आणि आवाजातील अधिकार या दोहोंचा संगम प्रद्युम्नच्या पात्रात दिसतो. बोटे फिरवीत उच्चारलेले ‘कुछ तो गड़बड़ है’ हे वाक्य शाळकरी मुलांच्या खेळापर्यंत पोहोचले, त्यामागे रंगभूमीवर कमावलेली लकब आहे.

दया या अधिकाऱ्याची भूमिका करणारे दयानंद शेट्टी हे थाळीफेक व गोळाफेक या प्रकारांतील खेळाडू होते. दुखापतीमुळे मैदान सुटल्यावर ते अभिनयाकडे वळले. दार तोडण्याचे काम नेहमी त्यांच्याकडेच का येते, याचे उत्तर त्यांच्या शरीरयष्टीत आहे. हे दृश्य इतके लोकप्रिय झाले की, २०१४ मधील ‘सिंघम रिटर्न्स’ या चित्रपटात शेट्टी यांना दया याच नावाच्या पोलिसाची भूमिका देऊन त्याचा उपयोग करण्यात आला. अभिजीतची भूमिका करणारे आदित्य श्रीवास्तव हे ‘बँडिट क्वीन’ आणि ‘सत्या’ या चित्रपटांतून परिचित झालेले नट होत. विनोदी अंगाच्या फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस यांनी मालिकेच्या काही भागांचे लेखनही केले. ५ डिसेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘लगान’ (२००१) या चित्रपटाचे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर हे आरंभीच्या काळात याच मालिकेत वीरेंद्र नावाच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत होते, तर अश्विनी काळसेकर यांनी त्याच काळात महिला निरीक्षकाची भूमिका केली होती.

या तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मालिकेतील पथक नाट्यप्रयोगाच्या संचासारखे बांधलेले आहे. कोणी प्रश्न विचारणारा, कोणी शंका घेणारा, कोणी बळ वापरणारा, कोणी हसविणारा, तर कोणी वैज्ञानिक. घटनास्थळी सर्वजण अर्धवर्तुळात उभे राहतात आणि एकच अनुमान चार-पाच वाक्यांत विभागून बोलले जाते. प्रेक्षकास तपास समजावून सांगण्याचे काम त्यामुळे संवादातच पार पडते. प्रत्यक्षात हे काम केस डायरी, जबाब आणि पंचनामा या कागदांमधून होते. परंतु कागद लिहिणारा पोलीस पडद्यावर रंजक ठरत नाही.

३. कट नसलेली १११ मिनिटे :

मालिकेच्या तांत्रिक इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय प्रसंग ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झालेल्या ‘द इनहेरिटन्स’ या विशेष भागाचा आहे. लोणावळा येथे चित्रित झालेला हा १११ मिनिटांचा भाग एकाही कटविना, एका सलग चित्रणात पूर्ण करण्यात आला. लिम्का आणि गिनीज या दोन्ही नोंदपुस्तकांनी त्याची दखल घेतली.

या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी नेहमीची चित्रणपद्धती ध्यानात घ्यावी लागते. सामान्यतः एक प्रसंग अनेक लहान तुकड्यांत चित्रित होतो; प्रत्येक तुकड्यासाठी दिवे आणि कॅमेरा नव्याने मांडले जातात आणि चुकलेले वाक्य पुन्हा घेता येते. सलग चित्रणात ही सोय नसते. दिवे आधीच लपवून ठेवावे लागतात, ध्वनिग्राहक चौकटीत दिसू द्यायचा नसतो आणि नटाने कोणत्या क्षणी कोणत्या दारातून यावे हे पाठ असावे लागते. शंभराव्या मिनिटाला एक शब्द चुकला तरी आधीचे सर्व चित्रण वाया जाते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४८ मध्ये ‘रोप’ हा चित्रपट सलग भासेल अशा रीतीने केला. परंतु त्या काळी कॅमेऱ्यात बसणारे फिल्मचे रीळ सुमारे दहा मिनिटांत संपत असल्याने त्यांना सांधे लपवावे लागले. रशियन दिग्दर्शक अलेक्सांद्र सोकुरोव्ह यांनी २००२ मध्ये ‘रशियन आर्क’ हा सुमारे दीड तासाचा चित्रपट डिजिटल तंत्रामुळे खरोखरच एका चित्रणात पूर्ण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी भारतातील एका साप्ताहिक मालिकेने त्याहून अधिक लांबीचे सलग चित्रण केले. नाटकाची सवय असलेले नट आणि कॅमेऱ्याची जाण असलेला दिग्दर्शक यांच्याविना हे साध्य झाले नसते.

४. ‘सी.आय.डी.’ हे नाव आणि हिंगोलीचा दूरचा संबंध :

मालिकेतील पथक मुंबईत काम करते आणि त्याचा प्रमुख ‘ए.सी.पी.’, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त असतो. वास्तवात मुंबईतील गंभीर गुन्ह्यांचा तपास मुंबई पोलीस आयुक्तालयाची गुन्हे शाखा करते. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजेच महाराष्ट्राची खरी सी.आय.डी., ही स्वतंत्र यंत्रणा असून तिचे मुख्यालय पुणे येथे आहे. हिंगोली जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे ‘ए.सी.पी.’ हे पदच नाही. येथे पोलीस अधीक्षक हे प्रमुख असून त्यांच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी, पोलीस ठाणी आणि स्थानिक गुन्हे शाखा काम करतात. हा जिल्हा नांदेड परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या अखत्यारीत येतो.

पदनाम वेगळे असले तरी सी.आय.डी. या संस्थेच्या पूर्वेतिहासात हिंगोलीचे नाव आढळते, ही गोष्ट फारशी परिचित नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगोली येथे निजामाच्या राज्यातील सैन्याची छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातील नावे त्या छावणीची आठवण देतात. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीतील एका प्रकरणाची हकीकत दिली आहे. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी तेथे राहत होता. स्वतः टेलर यांचाही त्याच्याशी व्यवहार झाला होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड प्रत्यक्षात दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे होते. त्या व्यापाऱ्यास त्याच्या माणसांसह वाटेत ठार करून हरिसिंगने त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. छावणीच्या बाजारात, पहाऱ्याच्या चौकीपासून हाकेच्या अंतरावर खून झाले होते आणि प्रेते जवळच पुरण्यात आली होती. ती पुरण्याची ठिकाणे उकरताना टेलर स्वतः उपस्थित होते.

हे प्रकरण कोणत्याही मालिकेस शोभावे असे आहे. परंतु त्याचा उलगडा अनुमानाने झाला नाही. पकडला गेल्यावर हरिसिंगने स्वतःच ते सांगितले. ठगांच्या विरोधातील संपूर्ण मोहीम कबुलीवर आणि माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. यासाठी निर्माण झालेले ‘ठगी आणि डकैती’ खाते १९०४ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे गुप्तवार्ता विभाग आला आणि १९०२-०३ च्या पोलीस आयोगाच्या शिफारशीनुसार प्रांतोप्रांती सी.आय.डी. स्थापन झाली. माफीच्या साक्षीदाराला स्वतःचा जीव वाचविण्यासाठी इतरांची नावे घ्यावी लागत. त्यामुळे त्या जबान्यांवरून रंगविलेले ठगीचे चित्र कितपत विश्वसनीय मानावे, असा प्रश्न आधुनिक इतिहासकारांनी उपस्थित केला आहे. कबुलीवर भिस्त ठेवणाऱ्या तपासाचा हा मूलभूत दोष होय.

५. कबुलीचा शेवट आणि कायद्याची भूमिका :

‘सी.आय.डी.’च्या बहुतेक कथांचा शेवट ठरलेला असतो. संशयितांस एकत्र आणले जाते, पुरावा समोर ठेवला जातो, एखादी थप्पड बसते आणि गुन्हेगार सर्व हकीकत सांगून टाकतो. त्यानंतर प्रद्युम्न त्यास फाशी होईल असे सुनावतात. आरंभीच्या वर्षांत एकेक प्रकरण एकाहून अधिक भागांत चालत असे. पुढे कथा एकाच भागात संपू लागली. पाऊण तासात खून, चार-पाच संशयित आणि उलगडा बसवावयाचा तर न्यायालयास जागा उरत नाही. कबुली ही पटकथालेखकाची सर्वांत काटकसरीची युक्ती आहे. तिच्यामुळे गुन्ह्याची मागील हकीकत आणि शिक्षेचे समाधान ही दोन्ही कामे एका दृश्यात होतात.

भारतीय कायदा नेमकी हीच गोष्ट पुरावा म्हणून स्वीकारत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये हाच नियम कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला भागच तेवढा ग्राह्य धरला जातो. कबुलीजबाब नोंदवावयाचा असल्यास तो दंडाधिकाऱ्यांपुढे, स्वेच्छेने आणि परिणामांची जाणीव देऊन नोंदवावा लागतो. मारहाण करून मिळविलेले शब्द सत्य असतीलच असे नाही, हा अनुभव या नियमामागे आहे.

मालिका सुरू होण्यापूर्वी सुमारे तेरा महिने, १८ डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात अटकेविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अटकेचा मेमो तयार करणे, नातलगास कळविणे, कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे या बाबी त्यात आहेत. महाराष्ट्रात पोलीस कोठडीतील मृत्यूचा तपास सामान्यतः राज्याच्या सी.आय.डी.कडेच सोपविला जातो. पडद्यावरील सी.आय.डी.च्या थपडेवर प्रेक्षक टाळी वाजवितो, प्रत्यक्षातील सी.आय.डी.ला मात्र अशाच थपडांच्या परिणामांची चौकशी करावी लागते. ‘अर्धसत्य’मधील वेलणकराची शोकांतिका येथे पुन्हा आठवते.

६. दार आणि प्रयोगशाळा :

दार तोडण्याच्या दृश्यास मात्र कायद्याचा काही आधार आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ मध्ये, अटक करावयाची व्यक्ती आत असल्यास दार किंवा खिडकी फोडण्याची मुभा आहे. तत्पूर्वी पोलिसाने आपला अधिकार आणि येण्याचे कारण सांगून प्रवेश मागितला पाहिजे. आतील खोलीत पडदा पाळणारी स्त्री असल्यास तिला बाहेर पडण्याची संधी दिली पाहिजे. झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित पंच हजर असावे लागतात आणि नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक झाले आहे. मालिकेत पंच क्वचितच दिसतात. प्रत्यक्ष खटल्यात मात्र पंच फितूर झाल्यास जप्तीच डळमळते.

डॉ. साळुंखे हे पात्र मालिकेचे सर्वांत मोठे योगदान म्हणावे लागेल. नरेंद्र गुप्ता यांनी साकारलेल्या या वैज्ञानिकामुळे प्रयोगशाळेचा अहवाल हा तपासाचा भाग असतो, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. परंतु या एका पात्रात दोन स्वतंत्र व्यवस्था एकत्र करण्यात आल्या आहेत. शवविच्छेदन शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतात. विषप्रयोगाचा संशय असल्यास ते व्हिसेरा, म्हणजे पोटातील अवयवांचे भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत ठेवून मोहोरबंद करतात. त्यानंतर पोलीस कर्मचारी तो मुद्देमाल पत्रासह न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचवितो. तेथे रासायनिक विश्लेषक त्याची तपासणी करतात. या प्रयोगशाळांचे संचालनालय मुंबईत कलिना येथे असून छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, नांदेड आदी ठिकाणी प्रयोगशाळा आहेत.

मालिकेत नमुना मृतदेहाकडून परीक्षानळीपर्यंत एका दृश्यात जातो. वास्तवात तो अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हाताची नोंद ठेवावी लागते. मोहोर तुटलेली असेल किंवा नोंदीत खंड असेल, तर अचूक अहवालही न्यायालयात दुबळा ठरतो. अहवालास विलंब झाला म्हणजे तपास दडपला जात आहे, अशी शंका मृताच्या नातलगांच्या मनात येणे स्वाभाविक आहे; मात्र प्रत्येक विलंबामागे तसे कारण असतेच असे नाही. प्रयोगशाळेवर एकाच प्रकरणाचे काम नसते, ही साधी बाब पडद्यावर कधी येत नाही.

७. हिंगोली जिल्ह्यातील प्रेक्षक आणि त्याची भूमिका :

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजारांच्या आसपास असून ती बहुतांशी ग्रामीण आहे. अशा जिल्ह्यात एखाद्या शेतात वा विहिरीत मृतदेह आढळल्यास घटनास्थळी प्रथम पोहोचतात ते गावकरी. मालिकेतील पथकाप्रमाणे पिवळी पट्टी लावण्यास तेव्हा कोणी नसते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील हा गाव आणि पोलीस ठाणे यांमधील पहिला दुवा असतो. पडद्यावर त्याचे दर्शन घडत नाही. तथापि पोलीस येईपर्यंत गर्दी दूर ठेवणे, वस्तूंना हात लावू न देणे आणि वर्दी देणे ही त्याची कामगिरी पुढील खटल्याच्या दृष्टीने मोलाची ठरते.

फ्रेंच वैज्ञानिक एडमाँ लोकार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेले तत्त्व असे की, प्रत्येक संपर्कात काहीतरी मागे राहते. हे तत्त्व गुन्हेगाराप्रमाणेच बघ्यांनाही लागू आहे. चिखलातील पाऊलखुणा पाहण्यासाठी जमलेल्या पन्नास माणसांमुळे त्या पुसल्या जातात. कीटकनाशकाचा डबा उचलून पाहणाऱ्याचे ठसे त्यावर उमटतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक करण्यात आले आहे. ही तरतूद पूर्णपणे लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. डॉ. साळुंखे यांच्यासारखा तज्ज्ञ घटनास्थळी येणे हा यापुढे कल्पनेचा भाग राहणार नाही. परंतु तो पोहोचेपर्यंत पुरावा शिल्लक राहील की नाही, हे गावकऱ्यांवर अवलंबून राहील.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘सी.आय.डी.’ मालिकेची ओळख बनलेल्या बहुतेक गोष्टी निर्मितीच्या गरजांतून आल्या आहेत. हलता कॅमेरा दिग्दर्शकाच्या वृत्तचित्रणातून, पात्रांचा ठाशीवपणा मराठी रंगभूमीच्या संस्कारातून, दार तोडणे एका खेळाडूच्या शरीरयष्टीतून आणि कबुलीचा शेवट भागाच्या मर्यादित लांबीतून आला. पडद्यामागील ही माहिती मालिकेची गोडी कमी करीत नाही. उलट त्या कलावंतांच्या दीर्घ परिश्रमांविषयी आदर वाढविते.

मात्र कबुलीविषयी प्रेक्षकाने सावध राहणे आवश्यक आहे. हरिसिंगच्या काळात हिंगोलीतील खुनांचा उलगडा केवळ आरोपीच्या तोंडून झाला आणि त्या पद्धतीचे दोष पुढील पिढ्यांनी ओळखले. १८७२ पासून कायदा जे सांगत आला आहे, ते मालिकेच्या शेवटच्या पाच मिनिटांत दर आठवड्यास विसरले जाते. आरोपीने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला ही बातमी ऐकून प्रकरण संपले असे मानणारा नागरिक, आणि खटल्यात साक्षीस उभे राहण्याची वेळ आल्यावर मागे सरणारा पंच, हे दोघेही याच विस्मृतीचे बळी आहेत. गुन्ह्याचा निकाल न्यायालयात लागतो आणि तेथे बोलतो तो पुरावा. तो पुरावा जपण्याचे काम ज्यांच्या हातून सुरू होते, त्यांत मालिका पाहणारा गावातील सामान्य प्रेक्षकही आहे.